नऊ वर्षांचे कासव जेवत नाही, रात्रभर दगड खरवडते : काय झाले असेल?

गॅलरीतली_जागा

नमस्कार. आम्ही पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे नऊ वर्षांपासून पाण्यातले एक कासव आहे. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेल्या या जातीला दुकानदार रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला माझ्या दिरांनी ते आणले, तेव्हा ते पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा जेमतेम मोठे होते आणि ‘हे एवढेच राहते’ असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. काल शिवणाच्या टेपने मोजले, तर पाठ २३ सेंटिमीटर भरली. नाव भीम.

भीमची काचेची टाकी अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद असून ती बंदिस्त गॅलरीत, सरकत्या काचांच्या आत ठेवलेली आहे. तिच्या बरोबर वर लव्हबर्डच्या जोडीचा पिंजरा टांगलेला आहे. सकाळी सात ते साडेनऊपर्यंत काचेतून भरपूर ऊन येते, म्हणून वेगळा दिवा कधी लावला नाही. खाणे म्हणजे डब्यात मिळणाऱ्या काड्या आणि वाळवलेली कोळंबी.

गेले तीन आठवडे भीमने खाणे जवळजवळ सोडले आहे. एरवी डब्याचे झाकण वाजले तरी काचेला नाक लावून उभा राहणारा हा प्राणी आता दिवसभर टाकीच्या कडेने येरझारा घालतो आणि रात्री दगडावर चढून मागच्या पायांनी तो खरवडत बसतो. आधी डावा पाय, मग उजवा, पुन्हा डावा, असे तासन्‌तास चालते. मागच्या बोटांची कातडी आता लालसर दिसू लागली आहे. थंडीमुळे म्हणावे, तर मार्च संपत आला आहे आणि दुपारी पारा ३७ अंशांवर जातो. डोळे स्वच्छ आहेत, नाकातून बुडबुडे येत नाहीत, पोहताना तो एका बाजूला कलत नाही.

सासूबाईंचे म्हणणे असे, की तो बाहेर पडायला तडफडतो आहे. देवळाच्या सभामंडपात ज्याला आधी नमस्कार करायचा, त्यालाच आपण नऊ वर्षे कोंडून ठेवले, हे त्यांच्या मनाला लागले आहे. गावी देवळामागे मोठे तळे आहे, तिथे त्याला सोडावे असे त्या म्हणतात. मलाही रात्री तो आवाज ऐकवत नाही. त्याला काही आजार आहे का, आमच्या व्यवस्थेत काय चुकते आहे आणि तळ्यात सोडणे योग्य ठरेल का, हे जाणकारांनी सांगावे.

जाता जाता आणखी एक शंका. लव्हबर्डपैकी मादीच्या चोचीवरचा भाग अलीकडे तपकिरी आणि जाड झाला आहे. हा किड्यांचा त्रास असतो, असे कोणीतरी म्हणाले.

लॉफ्टवरची_टाकी

आजाराबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, परंतु अशीच दोन कासवे मी ठाण्यात चौदा वर्षे सांभाळतो आहे, त्यामुळे व्यवस्थेबद्दल लिहितो.

काचेतून येणारे ऊन हे कासवाच्या दृष्टीने ऊनच नव्हे. उजेड आत येतो, उष्णता येते, पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी लागणारे अतिनील-ब (यूव्हीबी) किरण साध्या खिडकीच्या काचेत बहुतांशी अडतात. ते जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच, हाडे हळूहळू कमकुवत होतात. हे मला चार वर्षांनी कळले, तोपर्यंत माझ्या थोरल्या कासवाच्या पाठीवरच्या ढाली टेंगळांसारख्या वर आल्या होत्या. त्या पुन्हा सपाट होत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा घ्यावा आणि तो काचेच्या झाकणावर न ठेवता थेट बसण्याच्या दगडावर रोखावा. दिवा पेटत राहिला तरी त्यातले हे किरण हळूहळू ओसरतात, म्हणून साधारण वर्षाच्या आत तो बदलावा लागतो. बसण्याच्या जागी ३० ते ३२ अंश आणि पाण्यात २५ अंशांच्या आसपास तापमान असले की पुरते.

गच्चीवर खरे ऊन देता आले तर त्याला तोड नाही. परातीत किंवा उथळ टबात बोटभर पाणी, अर्ध्या टबावर सावलीसाठी फळकूट आणि आपण स्वतः शेजारी खुर्ची टाकून, इतकी तयारी पुरेशी आहे. ‘शेजारी खुर्ची’ हे मी गमतीने लिहिलेले नाही. घारी आणि मांजरे यांचे लक्ष असते. काचेची टाकी मात्र उन्हात कधीही ठेवू नये, कारण पाणी बघता बघता तापते आणि कासवाला पळायला जागा नसते.

टाकीच्या आकाराबद्दल पाळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो, तो म्हणजे पाठीच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी. भीम नऊ इंचांचा आहे, म्हणजे साडेतीनशे लिटरच्या घरात पाणी हवे. तुमच्या टाकीत अर्ध्यापर्यंत भरले तर सत्तर-पंचाहत्तर लिटर मावत असेल. मी लॉफ्टवर बसवतात ती ५०० लिटरची आडवी काळी टाकी घेतली आणि तिचा वरचा भाग कापून टाकला. काचेच्या टाकीच्या तुलनेत ती फार स्वस्त पडली, दिसायला मात्र बांधकामाच्या जागेवरून उचलून आणल्यासारखी दिसते, हे मान्य करतो. साडेतीनशे लिटर पाणी म्हणजे साडेतीनशे किलो वजन. हे पुढे आलेल्या गॅलरीच्या टोकाला ठेवू नये. भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावे आणि इमारत जुनी असल्यास एखाद्या अभियंत्याला दाखवून मगच भरावे.

पाटाचे_पाणी

मंडळी फार घाबरवतात असे मला वाटते. आमच्या चुलत्यांनी असेच एक कासव गावच्या बंधाऱ्यात सोडले होते आणि पुढचे दोन पावसाळे ते काठावर ऊन खाताना दिसत होते. प्राणी पाण्याचा आहे, पाण्यात गेला, यात बिघडले काय? सासूबाईंचे म्हणणे मला पटते.

विहिरीकाठी

पाटाचे_पाणी, ते दोन पावसाळे जगले, खरी अडचण तिथेच आहे. हे कासव आपल्याकडचे नाही, ते अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मिसिसिपी खोऱ्यातले आहे. जगभर लोकांनी ते असेच हौसेने आणून, कंटाळून सोडून दिले आणि आता जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक परक्या प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच या उपजातीची आयात थांबवली. आपल्या तळ्या-विहिरींत मऊ पाठीचे देशी कासव असते, ते बेडकाची पिल्ले, गोगलगायी, मेलेले मासे खाऊन पाणी स्वच्छ राखते. सोडलेले स्लायडर त्याच्या खाण्यावर आणि उन्हाला बसण्याच्या जागेवर हक्क सांगते, शिवाय टाकीतले रोग आणि जंत सोबत घेऊन जाते.

सासूबाईंच्या मनातला सल खोटा आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या आजोळी विहिरीत कासव होते आणि पोहरा टाकण्याआधी आजी त्याला हाक मारत असे, त्यामुळे ही भावना मी समजू शकतो. पण विहिरीतले ते कासव तिथल्याच ओढ्याचे होते. भीमला तळ्यात सोडणे म्हणजे तळ्यातल्या कासवाला बेघर करणे आहे, हे त्यांना अशाच शब्दांत सांगून पाहावे. सांभाळणे अगदीच अशक्य झाले, तर परक्या प्राण्यांना आसरा देणाऱ्या एखाद्या संस्थेकडे किंवा जागा असलेल्या पाळणाऱ्याकडे रीतसर सोपवावे.

खूर_पंख_खवले

मी व्यवसायाने पशुवैद्यक आहे आणि माझ्याकडे पक्षी व कासवे बरीच येतात. प्राणी न पाहता निदान करता येत नाही, हे आधीच सांगतो. तरीही प्रश्नातले एक वाक्य मी दोनदा वाचले : आधी डावा पाय, मग उजवा, पुन्हा डावा.

कृपया भीमच्या पुढच्या पायांची नखे पाहून कळवा. या जातीत नराच्या पुढच्या पायांची मधली नखे मादीच्या दुपटीइतकी लांब असतात, त्यांनी तो मादीसमोर पाण्यात पंख्यासारखी थरथर करतो. नराची शेपूट लांब व मुळाशी जाड असते. मादीची नखे आखूड, शेपूट आखूड आणि अंग मोठे असते. २३ सेंटिमीटरची पाठ हीच मला पुरेशी बोलकी वाटते.

मला शंका आहे की भीम ही मादी असून तिच्या पोटात अंडी आहेत. मादी एकटी असली, आयुष्यात नर पाहिलेला नसला, तरी अंडी घालू शकते. अर्थात ती निष्फळ असतात. कासवाची मादी अंडी पाण्यात घालत नाही. ती जमिनीवर येते, मागच्या पायांनी आळीपाळीने माती उकरून खड्डा करते आणि त्यात अंडी घालून तो बुजवते. तुमच्या टाकीत दगड आहे, माती नाही. म्हणून ती रात्रभर दगड उकरते आहे. अशा वेळी मादी खाणे कमी करते, अस्वस्थ होते आणि योग्य जागा न मिळाल्यास अंडी पोटात धरून ठेवते. ती फार काळ अडकून राहिली तर फुटून आत संसर्ग होऊ शकतो, आणि वर्षानुवर्षे कॅल्शियमचे दुर्भिक्ष असेल तर हा धोका वाढतो, कारण अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंना कॅल्शियम लागते.

दोन-तीन दिवसांत कासवे पाहणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊन क्ष-किरण फोटो काढावा. अंड्याच्या कवचात चुना असल्यामुळे ती फोटोत लंबगोल कड्यांसारखी स्पष्ट दिसतात. तोवर घरच्या घरी कोणतेही इंजेक्शन देऊ नये. अंडी सुटण्यासाठीचे औषध उपलब्ध आहे आणि कासवांवर ते चांगले काम करते, परंतु अंडे फुटलेले किंवा मार्गापेक्षा मोठे असेल तर तेच औषध घात करते. आज संध्याकाळपासून करण्यासारखी एक गोष्ट आहे. मोठ्या टबात फूटभर खोल वाळू आणि बागेची माती समप्रमाणात भरा, इतपत ओली करा की मूठ वळल्यावर रव्याच्या लाडवासारखी वळली पाहिजे, आणि रात्री तिला त्या टबात अंधारात, एकांतात ठेवा. वाकून वाकून पाहू नका. कोणी पाहते आहे असे वाटले तर ती काम अर्धवट सोडते.

गॅलरीतली_जागा

डॉक्टर, आपल्या उत्तरानंतर मुलीने टॉर्च घेऊन नखे पाहिली. आखूड आहेत. शेपूटही आखूड आहे. घरात थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही, मग सासूबाई म्हणाल्या, “अगं बाई, मग ही तर बाळंतपणाला आलेली आहे.” तळ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

फोटो काढला. आठ अंडी आहेत. फुटलेले एकही नाही, मात्र कवचे पातळ दिसतात असे इथल्या डॉक्टरांनी सांगितले. तीन दिवस वाट पाहू, मग इंजेक्शनचे बघू, असे ठरले आहे.

दाणा_पाणी

मादी कासवाचे चांगले होवो. आता पिंजऱ्याकडे वळते, कारण त्या ओझरत्या शंकेला कोणी उत्तर दिलेले नाही आणि माझे आयुष्य पाखरांत गेले आहे.

आपल्याकडे दुकानात ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट. तुमचेही तेच असावेत. बजरीगरमध्ये चोचीच्या मुळाशी नाकपुड्यांभोवतीचा मांसल भाग नरात निळा असतो आणि वयात आलेल्या मादीत तपकिरी. अंडी घालण्याचा काळ आला की मादीचा हा भाग जाड होतो, खरखरीत दिसतो. त्याला हात लावू नये, खरवडून तर मुळीच काढू नये. किड्यांचा त्रास असेल तर पांढुरकी, मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक भोके पडलेली खपली दिसते आणि ती चोचीच्या कडांवर, डोळ्यांभोवती, पायांवरही पसरते. भिंगातून पाहा. भोके दिसली तर डॉक्टर औषधाचा थेंब मानेवर टाकतात, त्याने त्रास बरा होतो. माझा अंदाज असा, की तुमच्या गॅलरीत सध्या वर आणि खाली दोघींचाही एकच ऋतू चालू आहे.

तेव्हा पिंजऱ्यात मडके टांगले असेल तर ते आधी काढा. पिल्ले नको असतील तर मडके नको, कारण मडके दिसले की मादी अंड्यांमागून अंडी घालत राहते आणि एवढ्याशा, तीस-पस्तीस ग्रॅमच्या जिवातून कॅल्शियम उपसले जाते. माझी एक मादी अशीच अंडे अडून एका रात्रीत गेली. संध्याकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून बसली होती आणि मला वाटले, झोप आली असेल. समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या चुनकट हाडाचा, तुकडा कायम अडकवलेला असू द्या. तो कासवाच्या पाण्यातही टाकता येतो, पाठीमागचे टणक पापुद्रे तेवढे काढून टाका. नुसत्या राळ्या-बाजरीवर पाखरू ठेवू नका, किसलेले गाजर, कोथिंबीर, शेवग्याचा कोवळा पाला रोज थोडा द्या. सुरुवातीला पंधरा दिवस ते ढुंकूनही बघणार नाहीत. त्याच वाटीत रोज ठेवत राहा.

आणि पिंजरा टाकीच्या वरून हलवाच. दाण्याची फोलपटे आणि विष्ठा पाण्यात पडून पाणी लवकर सडते, आणि खालची दमट हवा पाखरांच्या छातीला बरी नाही. फक्त तो स्वयंपाकघराच्या बाजूला सरकवू नका. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की जो वायू सुटतो तो माणसाला जाणवतही नाही, पाखरे मात्र मिनिटांत मरतात. पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा आपल्यापेक्षा कितीतरी अधिक पूर्णपणे पिळून घेतली जाते, त्यामुळे चांगल्याबरोबर वाईटही तितकेच आत जाते. माझ्या घरात गेल्या वीस वर्षांत धिरडी बिडाच्या तव्यावरच होतात.

लॉफ्टवरची_टाकी

शेवग्याच्या पाल्याचा मुद्दा कासवालाही लागू आहे. लहानपणी ही कासवे मुख्यतः मांसाहारी असतात, मोठी झाली की त्यांच्या खाण्यात हिरवे अधिक हवे. वाळवलेल्या कोळंबीत जवळपास काहीच नसते, तिला खाऊ समजावे. अ जीवनसत्त्व कमी पडले की डोळे सुजून बंद होतात, यासाठी गाजर आणि लाल भोपळा किसून द्यावा. पालक क्वचित. वेगळ्या बादलीत खायला घालून अर्ध्या तासाने टाकीत परत सोडले, तर मुख्य पाणी निम्म्यानेही घाण होत नाही. ते काढलेले पाणी मी मोगऱ्याला घालतो आणि मोगरा खूश आहे, परंतु कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीला वगैरे ते घालू नये.

नवा_सभासद_नाशिक

याच विषयात विचारतो. भीमबाईंना सोबत म्हणून, किंवा आमच्यासारख्या टाकीची कटकट नको असलेल्यांसाठी, जमिनीवरचे स्टार कासव कसे राहील? एक जण घरपोच देतो म्हणतो.

विहिरीकाठी

घेऊ नका. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले ते कासव भारतीय वन्यजीव आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली ते पकडणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक सूचीत त्याचा समावेश झाला, कारण तस्करीत ते मोठ्या संख्येने पकडले जात होते. हिरव्या देशी पोपटालाही हाच कायदा लागू आहे, अंगणाअंगणांत पिंजरे दिसतात म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. कोणाकडे आधीपासून असे कासव असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून सोपवावे. आणि सोबतीचे म्हणाल, तर कासवाला सोबत लागत नाही. जमिनीवरचे आणि पाण्यातले एकत्र ठेवले तर दोघांचीही गैरसोय होते.

खूर_पंख_खवले

एक भर घालतो. घरात दहा वर्षांची मुलगी आहे, म्हणून. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. लहान मुले छोटी कासवे तोंडात घालून आजारी पडत, म्हणून अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांची विक्री १९७५ मध्ये बंद करण्यात आली. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लागला की साबणाने हात धुवावेत आणि टाकीचे सामान स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये. इतके पाळले की पुरे.

गॅलरीतली_जागा

कळवायला उशीर झाला. दुसऱ्या रात्री तिने वाळूच्या टबात पाच अंडी घातली. आम्ही कोणी पाहिले नाही, सकाळी टबातली माती एका कोपऱ्यात थापून गुळगुळीत केलेली होती, जणू कोणी हाताने सारवली असावी, आणि ती स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात मान आत घेऊन निजली होती. अंडी लांबट, पांढरी, बोटाने दाबली तर किंचित दबणारी. उरलेली तीन चौथ्या दिवशी कॅल्शियम आणि इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी काढली. त्याच रात्री तिने भोपळा खाल्ला, तोही डब्याचे झाकण न वाजवता.

पिंजरा हॉलमध्ये आला आहे, मडके माळ्यावर गेले आहे आणि मादीच्या नाकावर भोके नाहीत. यूव्हीबी दिवा मागवला आहे. काळ्या टाकीवरून घरात अजून एकमत नाही, कारण ती आली तर सासूबाईंच्या तुळशीची जागा सरकवावी लागेल, पण टेप घेऊन गॅलरी मोजायला सुरुवात त्यांनीच केली. नाव बदलायला मुलगी तयार नाही.

डॉक्टर, एक विचारायचे राहिले. वाळूचा टब आता कायम ठेवावा का, की पुढच्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा भरावा?

खूर_पंख_खवले

कायम ठेवा. या जातीची मादी एकाच हंगामात काही आठवड्यांच्या अंतराने दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही अंडी घालू शकते. माती तेवढी दर दोन-तीन दिवसांनी ओली करत जा.